पापुद्र्यांचे बळ
(तिसगाव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला चालवता, ते शाळेत सुतारकाम शिकवत. 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण हा विचार देशापुढे आला. त्या विचारावर पोसलेल्या पिढीचे ते शिक्षक. त्यांच्या नावाने उभे राहायचे तर विषय हाताच्या कामाचाच हवा, म्हणून मी माझ्या रोजच्या कामाचा विषय निवडला आहे. मी प्लायवूड वाकवून दिवे आणि लहानमोठ्या वस्तू घडवतो आणि ते काम तरुणांना शिकवतो.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. प्लायवूड म्हणजे सागाला स्वस्तातला पर्याय, असे आपण धरून चाललो आहोत. म्हणून ते सपाट कापतो, खिळे मारून त्याची खोकी करतो आणि वरून सनमायका लावून त्याचे तोंड झाकतो. त्याचा खरा गुण आहे वाकण्यात, आणि वाकून मजबूत होण्यात. हा गुण गावच्या सुताराच्या हाती आला, तर दुसऱ्याने दिलेल्या मापाची कपाटे जोडण्यापलीकडे तो स्वतःच्या कल्पनेची वस्तू घडवू शकेल. त्या कामाची सुरुवात दिव्यापासून करावी, असे मला वाटते.

आपल्या पाथर्डी तालुक्यातल्या गावांत सुताराचे स्थान काय होते, हे इथल्या ज्येष्ठांना मी सांगायला नको. नांगर, कुळव, तिफण, पाभर, बैलगाडी यांशिवाय शेती हलत नव्हती आणि सुताराशिवाय यांतले काही होत नव्हते. बैलगाडीचे चाक आठवा. मध्ये तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांवर जोडलेले पुठ्ठे आणि सगळ्यांवर लोखंडी धाव. धाव लालभडक तापवून चढवायची आणि पाणी ओतून गार करायची. आकसताना ती लाकडाचा प्रत्येक सांधा आवळून धरते. कोणते लाकूड ताण सोसते, कोणते दाब सोसते, बाभळीचा कोणता बुंधा कशासाठी राखायचा, हे त्या माणसाला पुस्तकाशिवाय कळत होते. ट्रॅक्टर आला, लोखंडी अवजारे आली आणि हे ज्ञान बिनकामाचे ठरले. आज त्याच घरातला मुलगा नगरला किंवा पुण्याला फ्लॅटमध्ये किचन ट्रॉल्या बसवतो. त्याच्या हातात यंत्रे चांगली आहेत, मजुरीही बरी मिळते. पण वस्तू कशी असावी हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडून गेला आहे. हे नुकसान मला फार मोठे वाटते.

लाकडासारखी वस्तू वाकवण्याची कला या भागाला नवी नाही. बुरूड ओल्या बांबूच्या कामट्या काढतो आणि त्यांची सुपे, टोपल्या, डालगी विणतो. जाड बांबू वाकवायचा असेल तर तो आधी जाळावर शेकतो. या तालुक्यातून दर हंगामात हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. कारखान्याच्या माळावर ती ज्या कोपीत राहतात, तीसुद्धा वाकवलेल्या बांबूवर चटया आणि ताडपत्री टाकून उभी केलेली असते. त्या कोपीतले हाल मी विसरलेलो नाही आणि तिचे कौतुक करण्याचा माझा हेतू नाही. पण थोडक्या सामानात तासाभरात छप्पर उभे करणाऱ्या हातांना कमान म्हणजे काय ते नक्की कळते. दिवाळीत घरोघरी होणारा आकाशकंदील तर वाकवलेल्या लाकडी दिव्याचा सख्खा पूर्वज आहे. कामट्यांचा सांगाडा, त्यावर पतंगाचा कागद, आत दिवा. वजन नावाला, पण आकार मोठा आणि उजेड मऊ.

आता प्लायवूड का वाकते, आणि वाकल्यावर का टिकते, ते पाहू.

शाळेची शंभर पानी वही हातात घेऊन वाकवा. ती सहज वाकते, कारण प्रत्येक पान शेजारच्या पानावरून किंचित सरकते. वहीची कड पाहिली तर ती तिरकी झालेली दिसते. तशीच वाकलेली असताना सगळी पाने एकमेकांना चिकटवली, तर वही पुन्हा सरळ होणार नाही. वाकवलेल्या प्लायवूडचे सगळे तंत्र यात आले. लाकडाचे पातळ पापुद्रे, म्हणजे व्हिनियर, सरस लावून साच्यात घालायचे आणि सरस ओला असतानाच दाबायचे. पापुद्रे सरकून साच्याचा आकार घेतात. सरस वाळला की सरकणे थांबते आणि आकार कायम होतो.

यामागचा हिशोब मोठा सुंदर आहे. फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. जाडी निम्मी केली की ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो. 10 मिलिमीटरची एक अखंड पट्टी घ्या आणि 1 मिलिमीटरच्या 10 सुट्या पट्ट्या घ्या. लाकूड तेवढेच. पण सुट्या पट्ट्यांचा गठ्ठा वाकवायला अखंड पट्टीच्या शंभराव्या हिश्श्याइतकाच जोर लागतो. सरस वाळल्यावर तोच गठ्ठा शंभर पट ताठ होतो. मऊपणा आणि ताठपणा हे दोन विरुद्ध गुण एकाच लाकडातून, हव्या त्या वेळी मिळतात. साच्यातून काढल्यावर पट्टी थोडी उलगडते. तेही हिशोबात बसते. दोन थर असतील तर वाकाचा सुमारे चौथा हिस्सा परत जातो, तीन थरांत नववा, दहा थरांत शंभरावा. म्हणून अनुभवी कारागीर थर वाढवतो किंवा साचा थोडा जास्त वाकाचा करतो.

या तंत्राचा इतिहास आपल्याला उपयोगी धडे देतो. जर्मनीतल्या बोप्पार्ड गावी 1796 मध्ये जन्मलेल्या मायकेल थोनेट या सुताराने 1830 च्या दशकात पातळ पट्ट्या सरसात उकळून, साच्यात वाकवून खुर्च्या केल्या. पण त्या काळचा प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस दमट हवेत सुटे. म्हणून पुढे त्याने बीच जातीच्या अखंड दांड्या वाफेवर मऊ करून वाकवायला सुरुवात केली. वाकताना बाहेरच्या बाजूचे तंतू ताणून तुटतात. ते तुटू नयेत म्हणून त्याने त्या बाजूला लोखंडी पट्टी आवळून बांधली. 1859 मध्ये आलेली त्याची 14 नंबरची खुर्ची अवघे सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट यांची होती. छत्तीस खुर्च्यांचे सुटे भाग एका घनमीटरच्या पेटीत मावत. मुंबईत धोबी तलावाजवळच्या 1904 सालच्या कयानीसारख्या इराणी हॉटेलात आपण ज्या गोल पाठीच्या काळपट खुर्च्यांवर बसतो, त्या याच घराण्यातल्या. रोजच्या वापरात त्या दशकानुदशके टिकल्या आहेत.

दुसरा धडा फिनलंडचा आहे. आल्व्हार आल्टो या वास्तुरचनाकाराने पायमिओ येथे क्षयरोग्यांसाठी रुग्णालय बांधले. ते 1933 मध्ये पूर्ण झाले. युरोपात तेव्हा लोखंडी नळ्यांच्या खुर्च्यांचे वारे होते. आल्टोला वाटले की थंड देशातल्या आजारी माणसाच्या अंगाला थंडगार लोखंड लागू नये. त्याच्या देशात बर्च मुबलक होता. त्याने बर्चच्या थरांची कमान आणि त्यावर झुलती बैठक अशी खुर्ची केली आणि रोग्याला श्वास घेणे सोपे जाईल असा पाठीचा कोन ठेवला. 1933 मध्येच त्याने स्टुलाचा पाय वाकवण्याची युक्ती शोधली. अखंड दांडीच्या टोकाला करवतीने बारीक खाचा पाडायच्या, त्यांत सरस लावलेले पातळ पापुद्रे सरकवायचे आणि मग वाकवायचे. खाली दांडी अखंड, वर वळणावर प्लायवूड. आपल्याकडे जे झाड आहे त्याच्यापासून सुरुवात करावी आणि वस्तू कोणासाठी आहे हे आधी ठरवावे, हे आल्टोच्या कामातून शिकावे.

तिसरा धडा अमेरिकेतल्या चार्ल्स आणि रे ईम्स या जोडप्याचा. बसणाऱ्याच्या अंगाच्या दोन्ही दिशांच्या वळणांप्रमाणे प्लायवूड वाकवायचे त्यांनी ठरवले. लाकूड तडकू लागले. कारण सपाट पत्रा एका दिशेने वाकतो, एकाच वेळी दोन दिशांनी वाकवला की फाटतो. 1942 मध्ये अमेरिकन नौदलासाठी जखमी सैनिकांच्या पायाला बांधायची प्लायवूडची खपाची, म्हणजे आधाराची पन्हाळी त्यांनी केली. लाकडावरचा ताण निघून जावा म्हणून तिच्यात जागोजागी फटी ठेवल्या आणि त्याच फटींतून पट्टी बांधायची सोय झाली. अशा सुमारे दीड लाख पन्हाळ्या तयार झाल्या. याच तंत्रातून पुढे रे यांनी निव्वळ शिल्पे केली आणि 1945 मध्ये दोघांनी लहान मुलांसाठी प्लायवूडचा हत्ती घडवला. रुग्णालयातली गरज, शिल्प आणि खेळणे एकाच साच्याच्या अनुभवातून आले. हेच ईम्स दांपत्य 1958 मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे फिरले आणि त्यांनी जो अहवाल दिला त्यात आपल्या साध्या लोट्याचा आदर्श म्हणून गौरव केला. त्या अहवालाच्या आधाराने 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. मुंबईच्या आयआयटीत 1969 मध्ये इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले आणि तिथे प्राध्यापक ए. जी. राव यांच्यासारख्यांनी बांबूवर कारागिरांबरोबर बसून काम केले. संस्था झाल्या, विद्यार्थी शिकले. पण ते ज्ञान अजून तालुक्याच्या रस्त्यावरच्या सुताराच्या दुकानापर्यंत उतरलेले नाही.

आता दिव्याकडे येऊ. महाराष्ट्राला दिव्याची रचना शिकण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजेच दिनकर केळकर यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या आणि 1975 मध्ये सगळा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. दिव्यांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथही लिहिला. समया, लामणदिवे, हातात धरायचे दिवे, कोनाड्यात ठेवायचे दिवे पाहताना लक्षात येते की जुन्या कारागिराने दिव्याचा प्रत्येक भाग वापरातून काढला आहे. तेल सांडू नये म्हणून काठ, हात भाजू नये म्हणून दांडा, वारा लागू नये म्हणून आडोसा. एवढे करून झाल्यावर त्याने त्यावर मोर बसवला. मोर आधी आणि दिवा नंतर, असे कुठेही दिसत नाही.

जपानमध्ये अशाच जुन्या दिव्यांतून नवे दिवे घडले. इसामू नोगुची हा शिल्पकार 1951 मध्ये गिफू या शहरात गेला. तिथे बांबूच्या पट्ट्या आणि हातकागद यांचे कंदील पिढ्यान्‌पिढ्या होत होते आणि तो धंदा उतरणीला लागला होता. नोगुचीने तेच कारागीर, तेच सामान आणि तेच तंत्र घेतले आणि विजेच्या दिव्यासाठी नवे आकार दिले. ते दिवे आजही तिथेच हाताने होतात. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी जे हात काम करतात, ते याहून कमी कसबी नाहीत. त्यांच्या कंदिलांना मात्र वर्षातून चारच दिवस आयुष्य मिळते.

पहिली वस्तू म्हणून मी दिवा का सुचवतो? खुर्चीवर माणसाचे वजन येते. सांधा चुकला तर माणूस पडतो. दिव्यावर वजन नाही, म्हणून शिकणाऱ्याला धीटपणे आकार करून पाहता येतो. सामान थोडे लागते, दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांतही भागते. शिवाय एक अडचण अलीकडेच दूर झाली. जुना 60 वॅटचा बल्ब विजेचा बहुतांश भाग उष्णतेत घालवायचा. त्याच्याभोवती लाकूड लावणे धोक्याचे होते. 2015 पासून उजाला योजनेतून एलईडी बल्ब घरोघरी गेले. तेवढाच उजेड आता 9 वॅटच्या आसपास मिळतो. बल्बच्या बुडाशी उष्णता असतेच, म्हणून वर हवा जायला वाट ठेवावी आणि लाकूड बल्बला टेकू देऊ नये. एवढी काळजी घेतली की लाकडी दिवा घरात निर्धास्त लावता येतो. आणि अर्ध्या मिलिमीटरच्या व्हिनियरमागे उजेड ठेवला की लाकडाच्या रेषा आतून उजळतात. कापडात किंवा प्लॅस्टिकमध्ये हे सौंदर्य येत नाही.

काम कसे करायचे, तेही थोडक्यात सांगतो. ज्यांच्या घरी रंधा, पटाशी आणि गुण्या आहे त्यांना हे उद्या करता येईल. 18 मिलिमीटर प्लायचे उरलेले तुकडे एकावर एक चिकटवून ठोकळा करा. त्यावर हवे ते वळण आखून जिगसॉने कापा. नर आणि मादी असे साच्याचे दोन भाग मिळतात. मधे पापुद्र्यांची जाडी बसेल एवढी जागा मोजून सोडा, नाहीतर दाब सगळीकडे सारखा येत नाही. साच्याला प्लॅस्टिक लावा, म्हणजे सरस चिकटणार नाही. दिव्याच्या कमानीसाठी सगळ्या पट्ट्यांचे तंतू लांबीच्या दिशेने ठेवा. रुंद पत्र्यासाठी आडवे-उभे थर घ्या आणि थरांची संख्या विषम ठेवा, नाहीतर पत्रा पिळतो. बाजारातले तीनपदरी प्लाय वाकवायचे असेल तर वरच्या थराचे तंतू वाकाच्या अक्षाला समांतर ठेवा. सरस दोन्ही बाजूंना पातळ आणि सारखा लावा. क्लॅम्प मधून सुरू करून टोकांकडे आवळत जा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात सरसातले पाणी झपाट्याने उडते, म्हणून उन्हाळ्यात हे काम भल्या सकाळी करावे. रात्रभर साचा सोडू नये. क्लॅम्प कमी पडले तर सायकलची जुनी ट्यूब फाडून घट्ट गुंडाळली तरी चांगला दाब मिळतो.

सरसाबद्दल एक सावधगिरी. नेहमीचा पांढरा सरस जोडाला उत्तम, पण सततच्या ताणाखाली आणि उष्णतेत तो सावकाश सरकतो आणि वाक उलगडू लागतो. थर पुरेसे असतील तर लहान दिव्याला तो चालतो. ताण जास्त असेल तिथे युरिया-फॉर्मल्डिहाइड जातीचा सरस घ्यावा. तो वापरताना खोली हवेशीर हवी. घासकाम करताना तोंडावर मास्क हवाच, कारण लाकडाची आणि सरसाची धूळ फुप्फुसात जाते. शेवटी चपड्याचे पॉलिश किंवा तेलाचा हात. सनमायका नको. थरांच्या कडा उघड्या राहू द्या, वस्तू कशी झाली ते त्या सांगतात.

हे झाले तंत्र. पण वाकवता येते म्हणून काहीही वाकवावे, असे नाही. शिल्पासारखी वस्तू करताना मी तीन प्रश्न विचारायला सांगतो. उजेड कुठे पडायला हवा? वाचणाऱ्याच्या पुस्तकावर, देवघरात, की भिंतीवरून परतून सगळ्या खोलीत? दुसरा प्रश्न, हे वळण या लाकडाला मान्य आहे का? एका दिशेचे वळण, शंकू, नळकांडे, पीळ हे सपाट पत्र्याला झेपते, गोळा झेपत नाही. गोल हवा असेल तर कंदिलासारखा पट्ट्यांचा करावा लागतो. तिसरा प्रश्न, यातली कोणती पट्टी काढली तरी चालेल? चालत असेल तर ती काढावी. या तीन प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे दिली की वस्तूला आपोआप रूप येते. ते परदेशी चित्रावरून उतरवावे लागत नाही.

आता सामानाचा आणि पोटापाण्याचा प्रश्न. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीवर कडक बंधने घातली. ईशान्येकडच्या जंगलांवर चालणारे प्लायचे अनेक कारखाने बंद पडले आणि हा उद्योग शेतातल्या झाडांकडे वळला. हरियाणातल्या यमुनानगरला शेतकऱ्यांचा पॉपलर आणि निलगिरी जाते, केरळात पेरुंबावूरला रबराचे लाकूड. म्हणजे आज प्लायवूड हे बऱ्याच अंशी शेतातले पीक आहे. महाराष्ट्रातही काही शेतकरी मलबार नीम लावू लागले आहेत. आपल्या कोरडवाहू भागात झाड वाढवणे सोपे नाही, हे मी जाणतो. पण बांधावर झाड वाढवणाऱ्या शेतकऱ्याला लाकूड वजनावर विकण्यापलीकडे काही मिळायचे असेल, तर त्या लाकडाची वस्तू शक्य तेवढी जवळ घडली पाहिजे. प्लायचा अखंड पत्रा विकून जेवढे मोल येते, त्यातल्या काही हातभर पट्ट्यांना साचा, वळण आणि उजेड मिळाला की त्याहून जास्त येते. यात वाढलेला हिस्सा कसबाचा असतो आणि तो कारागिराच्या घरात राहतो.

बाजाराचे काय, असे आपण विचाराल. तिसगाव कल्याण–विशाखापट्टणम राष्ट्रीय महामार्गावर आहे. मढीला कानिफनाथांच्या यात्रेला होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत राज्यभरातून माणसे येतात, मोहटादेवीला नवरात्रात येतात, वृद्धेश्वरला श्रावणात येतात. या वाटेवर बाहेरून आलेले प्लॅस्टिकचे खेळणे विकले जाते आणि इथल्या हातची वस्तू मात्र मिळत नाही. सुटा होऊन सपाट पिशवीत मावणारा कंदील, देवघराचा लहान दिवा, मुलांसाठी वाकवलेल्या लाकडाचे जनावर, या वस्तू इथे घडू शकतात आणि इथेच खपू शकतात. शहरातल्या महागड्या दुकानांसाठीही काम करावे. पण पहिली ओळख आपल्याच माणसांत व्हावी.

म्हणून माझ्या या सभेकडे तीन मागण्या आहेत. शाळांनी बंद पडलेली सुतारकामाची खोली उघडावी आणि मुलींनाही तिथे बसवावे, कारण या कामात बळापेक्षा मापाचा नेमकेपणा लागतो. इथल्या सुतार आणि बुरूड कारागिरांनी एकत्र बसावे. एकाला सरस आणि साचा कळतो, दुसऱ्याला वाक कळतो, आणि दिव्याला दोन्ही लागते. ग्रामपंचायतीने किंवा बचतगटाने एक सामायिक शेड द्यावी, जिथे क्लॅम्प, साचे आणि एक पट्टी-करवत सगळ्यांसाठी असेल. साचा एकदा केला की त्यातून शेकडो वस्तू निघतात, म्हणून साचे सामायिक असणे फार मोलाचे आहे.

ज्या गुरुजींनी इथल्या मुलांच्या हातात पहिल्यांदा रंधा दिला, त्यांचे खरे स्मारक भाषणाने होणार नाही. येत्या दिवाळीला या गावातल्या प्रत्येक शाळेवर, त्या शाळेच्या मुलांनी स्वतः वाकवलेल्या लाकडाचा एक तरी कंदील लागावा. ते काम शिकवायला मी येईन, सामान आणि जागा आपण द्या. एवढी विनंती करतो.